वायलेस, वालेस, वायरलेस

आमच्या कोळीवाड्यात ती पेटी आली तेव्हा सगळा वाडा तिच्याविषयीच बोलत होता, पण दोन माणसांनी तिला एका नावानं हाक मारली असेल तर शपथ. माझे बाबा तिला वायलेस म्हणायचे. पोशा मामा वालेस म्हणायचा. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन, ज्यांना सगळा वाडा तोंडावरसुद्धा चेरमनच म्हणायचा, ते खिशाला पेन लावून वायरलेश म्हणायचे. माझी आय नावाच्या भानगडीत पडलीच नाही, ती म्हणायची ‘बोलती पेटी’. मी मात्र वायरलेस म्हणायचे, कारण मी बारावी झाले होते आणि मला त्याचा भारी माज होता. आता साठीला टेकले, तरी तो उतरलाय असं माझ्या घरचे म्हणणार नाहीत.

अंधेरी स्टेशनातून पश्चिमेला निघालं की शेवटी एका वळणावर रिक्षावाला नाकाला रुमाल लावतो आणि ‘इसके आगे नहीं जायेगा’ म्हणतो. तिथून आमचं गाव सुरू व्हायचं. वलांड्यांवर, म्हणजे बांबूच्या लांबच लांब मांडवांवर, बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले असायचे आणि त्यांच्या वासावरून आम्हाला ऋतू कळायचे. आमचं घर किनाऱ्यापासून दोन गल्ल्या आत. पुढे ओटा, ओट्यावर आयचा पाटा-वरवंटा आणि एका कोपऱ्यात बाबांची फाटकी जाळी, ज्यांना हात लावायची कोणाची टाप नव्हती. आय पहाटे धक्क्यावर मासळी घ्यायची, डोक्यावर पाटी घेऊन अंधेरीच्या बाजारात बसायची आणि दुपारी घरी येऊन पाट्याला भिडायची. खोबरं, लाल मिरची, लसूण वाटता वाटता तिचा एक कान समुद्राकडे असायचा. बोटी परतायला लागल्या की इंजिनांचा डुकडुक आवाज यायचा, आणि आय डोळे न उचलता सांगायची, “पोशाची आली. इंजानाला दमा झालाय मेल्याच्या.” मग थोड्या वेळानं, “हा तुजा बापूस. भाकरी टाक गो.” आणि खरंच बाबा यायचे. मला त्या आवाजांत काही फरक कळायचा नाही. ‘कसं कळलं?’ असं मी विचारलं की ती वैतागायची, “कला म्हणजे कसा कला? तुना माजा आवाज कसा कलतो?”

बाजारातही तिचं तेच. कोणी बाई येऊन ‘पॉम्फ्रेट’ म्हणायची, कोणी ‘पापलेट’, कोणी ‘पांप्लेट’. आय ज्याला त्याला त्याच्याच तोंडचा शब्द परत द्यायची, “घे बाय, तुजा पांप्लेट,” आणि मासा कल्ले उघडून दाखवायची. एकदा मी सुट्टीत तिच्याबरोबर बसले होते आणि एका बाईंना नीट उच्चार सांगायला गेले. ती बाई तरातरा शेजारच्या कोळणीकडे गेली. आयनं मला जी काय शिवी घातली ती इथं लिहिता येणार नाही, नातवंडं वाचतात.

तर ती पेटी. सरकारच्या कुठल्याशा योजनेत आमच्या सोसायटीला मिळाली होती. मोठी पेटी सोसायटीच्या खोलीत, बर्फाच्या गोदामावर, आणि तिची पिल्लं एकेका बोटीवर. हातातल्या माईकचं बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं, आणि आपलं बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणायचं, म्हणजे समोरच्याला कळतं की आता त्याची पाळी. छतावर उंच काठी लावली, तिला कोणी अँटेना म्हणायचं, कोणी आंटिना, कोणी एंटिना. पेटीसमोर बसायला लाकडी खुर्ची होती, आणि त्या खुर्चीवर आपल्या पुतण्याला, दिनेशला, बसवायचं असं चेरमननं ठरवलेलं होतं. दिनेश पार्ल्याच्या कॉलेजात जायचा, इंग्रजी शाळेत शिकलेला. पण त्याचं कॉलेज दुपारी संपायचं आणि बोटी तर सकाळपासून बोलायला लागल्या. मग तोवर म्हणून मला बसवलं. ‘तोवर’ हा शब्द चेरमन रोज एकदा तरी मला ऐकवायचे.

मला ती खुर्ची हवी होती. का, ते सरळ सांगते. उत्तनचं एक स्थळ आलं होतं, माणसं चांगली होती, स्वतःची बोट होती, आणि आय नुसती हरखून गेली होती. मला तो मुलगा वाईट वाटत होता असंही नाही, मी त्याला पाहिलंच नव्हतं. पण मी शिकले होते ते परत पाटी उचलायला नाही, असं मी घरात ओरडून सांगितलं होतं. आय त्यावर तासभर बोलली नाही, आणि माझी आय तासभर न बोलणं म्हणजे काय ते आमच्या वाड्यातल्या कोणालाही विचारा. शेवटी पाट्यावरून हात न काढताच म्हणाली, “ठीक हाय. ती खुरची पक्की जाली तर ऱ्हा. नाय जाली तर पाटी घे, आनी मार्गशीर्षात लगीन.” मी म्हटलं, “चालेल.” 

पेटीवर बसून मला एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच कळली. त्यातून येणारा आवाज माणसाचा राहत नाही. खरखर, शिट्टी, मधे दोन शब्द गायब. वर आमच्या बोटींची नावं! आमची कुलदेवी एकवीरा, त्यामुळे वाड्यात चार बोटींचं नाव ‘एकवीरा’. जमिनीवर काही अडचण नव्हती, कारण जमिनीवर कोणी बोटीला नावानं ओळखतच नाही. पोशाची बोट, धर्माची बोट, झालं. सरकारी नंबर रंगवलेला असायचा, पण तो पाठ करायचा असतो हे बोट चालवणाऱ्या आमच्या तांडेलांच्या गावीच नव्हतं. पेटीतून मात्र ‘एकवीरा बोलते’ असं आलं की चारांतली कुठली हे देवीलाच ठाऊक. आणि कुठली हे कळणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण आमच्याकडे समुद्रात प्रत्येक घराचे खुंट ठरलेले. खुंट म्हणजे तळाला ठोकलेले लाकडी सोट, त्यांना डोल जाळं बांधतात. आज्यापणज्यापासून ज्याचा खुंट जिथे आहे, त्याची बोट तिथेच. कोण बोलतंय ते कळलं की ती कुठे आहे ते आपोआप कळतं.

मग मी कान लावला. पोशा मामा बॅटरीला ‘बाट्री’ म्हणायचा आणि ओव्हरला ‘होवर’. धर्मा तांडेल ‘बेटरी’ आणि ‘ओवार’, तोही इतका लांबवून की त्यात माझा चहा पिऊन व्हायचा. तिसरी एकवीरा जानू काकाची, तो ‘सिग्नल’ला ‘शिंगल’ म्हणायचा आणि ओव्हर म्हणायला दर वेळी विसरायचा. अर्ध्या मिनिटानं आठवण झाली की परत बटण दाबून नुसतंच ‘ओवर, ओवर’. खरखर कितीही असू दे, एवढ्यावरून मी डोळे मिटून सांगायचे. तेव्हा लक्षात आलं नाही, पण आय ओट्यावर बसून करत होती तेच मी गोदामावर बसून करत होते.

उरली एक एकवीरा, माझ्या बाबांची. ते बोलायचेच नाहीत. बाबा एरवीही कमी बोलणारे, पण वायलेसवर तर मुळीच नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी तोंडाशी माईक धरून “वायलेस, वायलेस, वव्हर” म्हटलं होतं आणि सोसायटीच्या खोलीत जमलेली पोरं खो खो हसली होती. बटण माझ्या हातून दाबलेलं राहिलं होतं, त्यामुळे ते हसू समुद्रापर्यंत गेलं. त्या दिवशी घरी आले आणि आयला म्हणाले, “मना नाय बोलाचा त्या पेटीशी.” तेव्हापासून रोजच्या हजेरीत मी एकेका बोटीला हाक मारली की ते फक्त दोनदा बटण दाबायचे. कट्, कट्. म्हणजे मी आहे, ठीक आहे. मी लिहून ठेवायचे, ‘बाबा, ठीक’.

असं झकास चाललं असताना योजनेचे साहेब आले. दक्षिणेकडचे होते, सडपातळ, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, स्वभावानं बरे. त्यांनी एक सकाळ माझ्याशेजारी बसून सगळं ऐकलं आणि डोकं धरलं. म्हणाले, हे चालणार नाही. शब्द एकच, उच्चार एकच, सगळ्यांचा सारखा. घरगुती गप्पा नाहीत, माणसांची नावं नाहीत, मामा-काका नाहीत. फक्त बोटीचं नाव, निरोप आणि ओव्हर. उद्या तटरक्षकांनी ऐकलं तर त्यांना काय कळणार? महिन्यानं परत येतो, तेव्हा हे सुधारलेलं दिसलं पाहिजे. चेरमन लगेच पुढे सरसावले. “सर, आमचा दिनेश हाय ना, कॉन्वेंटचा. तो शिकवील. ही पोरगी पन त्यांच्यातलीच, ती काय सुधारनार?”

मी उठून उभी राहिले. “सर, महिना मला द्या. नाही झालं तर मी स्वतः खुर्ची दिनेशला पुसून देईन.” साहेब चेरमनकडे बघून हसले आणि म्हणाले, “ओक्के. वन मंथ.” मजा म्हणजे हे सांगताना साहेब स्वतः बॅटरीला ‘बेट्ट्री’ म्हणत होते, टवर्गावर असा जोर देऊन की टेबल हलावं. आणि दिनेशचं ‘बॅट्रि’ तिसरंच होतं. पण ते दोघं म्हणायचे तो उच्चार आणि आमचे तांडेल म्हणायचे तो अडाणीपणा. आजही बघते ना मी, नातू ‘डेटा’ म्हणतो, जावई ‘डाटा’ म्हणतो, आणि दोघं जेवणाच्या ताटावर भांडतात. माझं रक्त तेव्हा तापायचं, आता मी दोघांना वाढत बसते.

पण त्या महिन्यात भांडून उपयोग नव्हता, खुर्ची टिकवायची होती. मी रोज संध्याकाळी तांडेलांच्या ओट्यांवर जायला लागले. पोशा मामा जाळं विणत बसलेला असायचा. मी म्हणायचे, “मामा, म्हण, ओव्हर.” तो म्हणायचा, “होवर.” “हो नाही, ओ.” “ओ-होवर.” त्याची बायको पदर तोंडात धरून आत पळायची. धर्मा तांडेलनं तर दुसऱ्या दिवशी मला दारातच विचारलं, “मास्तरीण, छडी आणलीस कं?” जानू काकाला शब्द पाठ झाले की क्रम विसरायचा, क्रम आठवला की बोटीचं नाव. सगळी थट्टा करायचे, पण एकानंही मला परत पाठवलं नाही. भाकरी-कालवण खाल्ल्याशिवाय उठू द्यायचे नाहीत. त्या महिन्यात मी इतक्या घरचं ताज्या बोंबलाचं आंबट खाल्लंय की दिवाळीचे ब्लाउज सगळे उसवावे लागले.

रोज एवढ्या घरी जाऊन पुरत नव्हतं. तेव्हा मला युक्ती सुचली. दिनेशकडे टेपरेकॉर्डर होता. मी सरळ त्याच्याकडे गेले आणि मागितला. तो माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून असेल असं सगळे म्हणायचे, पण त्यानं निमूट टेप दिला आणि वर म्हणाला, “कुंदा, मला खरं तर त्या खोलीत बसायचं नाहीये. बर्फाचा वास डोक्यात जातो. काकांना सांगू नकोस.” मी कॅसेटमध्ये सगळे शब्द भरले, माझ्या आवाजात, सावकाश. वायरलेस. बॅटरी. इंजिन. अँटेना. सिग्नल. एकवीरा, निरोप मिळाला, ओव्हर. तेच पुन्हा पुन्हा बोलून चार-पाच कॅसेट भरल्या आणि ज्याच्या घरी टेप होता त्याला दिल्या. तांडेलांनी त्या बोटीवर नेल्या. खलाशी सांगायचे, जाळं ओढताना गाणी लावायची बंद झाली, आता दिवसभर तुझाच आवाज.

बाबांना मी कॅसेट दिली नाही. विचारलं होतं एकदा, जेवताना. “बाबा, तुम्ही पण शिकाल का?” त्यांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला, खाल्ला, आणि म्हणाले, “माजा कट् कट् बरा हाय.” मला राग आला. एवढी दुनिया माझ्यासाठी जीभ वळवत होती आणि माझा स्वतःचा बाप बटणावरून बोट हलवायला तयार नव्हता. मी ताटावरून उठले. आय म्हणाली, “बस गो, अर्धी भाकरी टाकून उठतेस ती? त्याचा तो बघील.” ठीक आहे, मी मनात म्हटलं, तुम्ही नका बोलू, मी तुमच्याशिवाय खुर्ची मिळवून दाखवते.

महिना झाला, साहेब आले. मी नवी साडी नेसले होते, आयची, जरीच्या काठाची, बर्फाच्या गोदामावर शोभेल अशी मुळीच नाही. चेरमन खुर्ची ओढून साहेबांशेजारी बसले, दिनेश दारात उभा. दुपारच्या हजेरीची वेळ झाली. मी बटण दाबलं आणि एकेका बोटीला हाक घातली.

आणि काय सांगू! पेटीतून एकापाठोपाठ एक उत्तरं आली, नितळ, सारखी, एका साच्यातून काढलेली. “एकवीरा, निरोप मिळाला, ओव्हर.” थांबून पुन्हा, “एकवीरा, निरोप मिळाला, ओव्हर.” होवर नाही, ओवार नाही. जानू काकासुद्धा विसरला नाही. साहेबांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी माझ्याकडे बघून टेबलावर बोटांनी टाळी वाजवल्यासारखं केलं. चेरमन पेन उघडबंद करत राहिले. मला इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. माझाच आवाज, माझीच चाल, चारी बाजूंनी समुद्रावरून परत येत होती. त्या आनंदातही बाबांची ‘कट्, कट्’ आली नाही हे माझ्या लक्षात आलं. मला वाटलं, रुसले असतील.

हजेरी संपून साहेब चहाचा कप उचलतायत तोच पेटी परत खरखरली. “किनारा, किनारा. एकवीरा. इंजिन बंद. नांगर धरत नाही. ओव्हर.”

शब्द अगदी बरोबर, उच्चार अगदी बरोबर. मी बटण दाबलं. “एकवीरा, कुठली एकवीरा? ओव्हर.” उत्तर आलं, “एकवीरा. इंजिन बंद. ओव्हर.” मधेच दुसरा आवाज, “एकवीरा, निरोप मिळाला, ओव्हर.” मग तिसरा, तसाच. सगळ्या एकवीरा साहेबांच्या नियमानं उत्तर द्यायला लागल्या, सगळ्या माझ्या कॅसेटच्या आवाजात, आणि मला एकही ओळखू येईना. मी कान पेटीला टेकवला. खरखरीतून पोशा मामाचा होवर शोधत होते, धर्माचा ओवार शोधत होते, काही म्हणजे काही नाही. साहेब म्हणाले, “रजिस्ट्रेशन नंबर विचारा.” मी विचारला. पलीकडे शांतता. नंबर कोणाच्या बापाला ठाऊक होता?

खिडकीतून समुद्र दिसत होता. ओहोटी जोरात लागली होती आणि वारा वळला होता. तशात इंजिन नाही, नांगर नाही, म्हणजे बोट वाहत दक्षिणेच्या खडकांकडे जाणार हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मदतीला बोट पाठवायची तर चार खुंट चार दिशांना. चुकीच्या खुंटावर गेली की परत फिरेपर्यंत सगळं संपलं. चेरमन उभे राहून ओरडायला लागले, “अरे दिनेश, तू घे माईक, तू बोल!” दिनेश जागचा हलला नाही. म्हणाला, “मी काय बोलू काका? मला एकाचाही आवाज माहीत नाही.”

 समोर साहेब, त्यांचा नियम, माझी खुर्ची, आयची मार्गशीर्षाची अट, सगळं मला त्या एका क्षणात लख्ख दिसत होतं. गेली तर जाऊ दे, म्हटलं. मी बटण दाबलं आणि माझ्या आयच्या भाषेत, धक्क्यावर ओरडतात तशी ओरडले, “अरे, खड्ड्यात घाला ती कॅसेट! बाकीचे गप बसा. ज्याचं इंजान बसलंय त्यानं आपल्या तोंडानं बोला. नाव सांगा, कोणाचा कोण ते सांगा. मना तुमचा आवाज कलत नाय!”

बटण सोडलं. नुसती खरखर. मग हळू, संकोचल्यासारखा, एक आवाज आला. “बाय... मी हाय. जालं इंजानाच्या पंख्यात अरकलंय. आंटिनाची वायर पन ढिली हाय. वव्हर.”

वव्हर. सबंध समुद्रावर ‘वव्हर’ म्हणणारा एकच माणूस होता.

माझा स्वतःचा बाप माझ्याशी दोन वेळा बोलला होता आणि मी त्याला ‘कुठली एकवीरा’ म्हणून विचारलं होतं. पण तेव्हा रडायला वेळ नव्हता. मी ओरडले, “पोशा मामा, उत्तरेच्या खुंटापासून माजा बापूस वाहतोय. तू जवळ आहेस. दोर टाक त्याला!” आणि पेटी एकदम जिवंत झाली. “निगालो गो पोरी, होवर!” “मी पन येतो, ओवार!” जानू काका नुसताच “शिंगल मिलाला, मिलाला,” आणि ओव्हर म्हणायला विसरला. मी खुर्चीवर बसले नाही. उभ्यानंच एकेकाला हाका मारत राहिले, मामा, काका, सगळी नाती लावून, साहेबांनी बंद करायला सांगितलेलं सगळं. शेवटी पोशा मामाचा आवाज आला, “दोर लागला. तुजा बापूस शिव्या देतोय, म्हंजे बरा हाय. होवर.” तेव्हा मी खाली बसले, आणि आयच्या जरीच्या पदरात तोंड खुपसून ढसाढसा रडले, सगळ्यांसमोर.

साहेबांनी गार झालेला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले ते मला अजून आठवतं, कारण ते बरोबर होतं. म्हणाले, आज तुम्ही होता म्हणून ओळखलं. उद्या तुम्ही तापानं झोपलात तर? एका नावाच्या चार बोटी, ही पहिली चूक. मी म्हटलं, हो सर, ते खरंय. मग आमचं ठरलं. प्रत्येक एकवीरेला एक आकडा द्यायचा आणि तो आधी सांगायचा, त्यात माफी नाही. त्यापुढे शब्द ज्याच्या तोंडात जसा बसेल तसा. “समजलं म्हणजे झालं,” साहेब म्हणाले आणि चेरमनकडे वळून बोलले, “खुर्चीवर हीच राहील.” चेरमननं खिशातलं पेन काढलं आणि परत लावलं. आकड्यांवरून मात्र पुढे आठवडाभर वाड्यात मारामाऱ्या व्हायच्या बाकी राहिल्या, कारण देवीच्या नावापुढे ‘चार’ लावून घ्यायला कोणी तयार होईना.

संध्याकाळी पोशा मामाच्या मागे दोरानं बांधलेली बाबांची बोट आली. आय धक्क्यावर होती, पाटी उलटी टाकून तिच्यावर बसलेली. बाबा खाली उतरले, हातावर दोरानं साल निघालेली. मी धावत गेले आणि भांडायलाच लागले. मला दुसरं काही येतच नाही. “बाबा, नाव का नाही सांगितलं? मी विचारत होते ना, कुठली एकवीरा? एक शब्द बोलला असतात, वव्हर म्हटलं असतंत, मी ओळखलं असतं! आणि तो ओव्हर कुठून शिकलात?”

आय मधेच म्हणाली, “कुठून म्हणजे? पोशाची कॅसेट आणून महिनाभर बोटीवर लावत होता. मना बोलला, पोरीला सांगू नको.”

बाबा हाताला लागलेली माती झटकत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “साहेब बसलेला ना तुज्या बाजूला. नावा घेतली, चुकीचा बोललो, तं तुजी खुरची गेली असती.”

बोट खडकाकडे वाहत होती, नांगर धरत नव्हता, आणि हा माणूस माईक तोंडाशी धरून माझ्यासाठी शुद्ध बोलत होता.  आय उठली, पाटी सरळ केली, आणि म्हणाली, “चला आता, भाकऱ्या गार होतात.” उत्तनच्या माणसांना तिनं दुसऱ्याच दिवशी निरोप पाठवला, आणि पाटी स्वतःच्याच डोक्यावर ठेवली.

त्या खुर्चीवर मी पुढे पुष्कळ वर्षं बसले. पेट्या बदलल्या, बोटी मोठ्या झाल्या, माणसं गेली, बाबाही गेले. पण आठवायला बसलं की मला आकडे ठरल्यानंतरची हजेरी पहिली आठवते. एकेक एकवीरा आपल्या आकड्यानं, आपल्या तोंडानं बोलून गेली. होवर. ओवार. जानू काका विसरला. शेवटी खरखर झाली, आणि मी कट् कट् ऐकायला कान लावला. पण कट् कट् आली नाही.

“किनारा, किनारा. एकवीरा चार,” बाबा म्हणाले. “मी कुंदाचा बापूस बोलताय वायलेसवरशी. वव्हर.”

खोलीत पोरं जमलेली होती. एकही हसलं नाही. मी बटण दाबलं.

“आवाज ओळखला, बाबा,” मी म्हणाले. “वव्हर.”